अम्मींचं कडू तोंड

महाड, १४ डिसेंबर १९९७

सुम्बुलच्या अब्बांना नशराचा सलाम.

शुक्रवारी बूथवाल्याने ‘सौदीचा, दम्मामचा फोन’ अशी हाक मारली तेव्हा आम्ही दोघीही धावत गेलो होतो. अम्मी बोलल्या, रडल्या, पुन्हा बोलल्या आणि त्यांनी रिसीव्हर ठेवून दिला. तुम्ही मला बोलावलंच नाहीत. बूथवाला माझ्याकडे बघत होता, म्हणून मी उगाच सुम्बुलच्या फ्रॉकची बटणं काढत-लावत बसले.

अम्मी तुम्हाला काय म्हणाल्या ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. सून माझ्या जेवणात काहीतरी कालवते, सगळं कडू लागतं, मला संपवून तिला घर ताब्यात घ्यायचंय. पलीकडून तुम्ही काय म्हणालात ते मात्र ऐकू आलं नाही. मला तेच ऐकायचं होतं.

आता माझी बाजू ऐका. हे मराठीत लिहिते आहे, कारण अम्मींना फक्त उर्दू वाचता येतं. ऑक्टोबरमध्ये तुमच्या लतीफ चाचांनी त्यांना मुंबईला नेऊन डाव्या कानाचं ऑपरेशन करून आणलं. कान छान झाला, पू थांबला. पण परत आल्यापासून तोंडाची चव गेली ती गेलीच. आधी चहा कडू लागला, मग डाळ, मग माशाचं कालवण. लोखंड चाटल्यासारखं लागतं म्हणतात. पहिल्यांदा मी हसले. मग मसाला बदलला, तेल बदललं, दुसऱ्या दुकानातून तांदूळ आणला. आता ताट पुढे ठेवलं की त्या ताटाकडे नाही, माझ्या हातांकडे बघतात.

मे महिन्यात तुम्ही निघालात तेव्हा माझ्या शाळेतल्या नोकरीवरून आपलं चांगलंच वाजलं होतं. मी ते विसरले नाही, तुम्हीही विसरला नसाल. पण नोकरी मागणारी बाई सासूला विष घालेल असं तुमच्या मनात येणार नाही, एवढं मी धरून चालते.

आपल्या गल्लीतला आदिल गुरुवारी तिकडे यायला निघतोय. त्याच्याबरोबर जवळ्याची चटणी पाठवते, तुम्हाला आवडते तशी, लसूण सढळ हाताने घालून. रोज्यांत पहाटे सेहरीला कामी येईल. सुम्बुल विचारते, अब्बा फोनच्या आत राहतात का. तिला काय सांगू ते तरी लिहा.

नशरा


महाड, ८ जानेवारी १९९८

सलाम.

रोजे सुरू झाले. तुमचं उत्तर नाही. टपालाला उशीर होतो असं मी स्वतःला सांगत होते, पण आदिलच्या घरी त्याचं पत्र आलंसुद्धा. पोचल्याचं, तब्येतीचं, सगळं आहे त्यात. तुमच्याबद्दल एक ओळ आहे, ‘तौकीरभाई बरे आहेत.’ बरं झालं कळलं.

इथे काय चाललंय ते सांगते. तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून मागच्या आळीतल्या बनुबाई रोज्यांत आपल्याकडे मीठ बघायला येतात. घरात सगळ्यांना रोजा, कालवणाची चव बघणार कोण, म्हणून अम्मींनीच ही रीत पाडली होती. संध्याकाळी मागच्या दारात उभं राहून त्या तळहातावर थेंबभर घेतात, जिभेला लावतात, मान हलवतात आणि जातात. ईदला त्यांच्या घरी पहिला डबा जातो.

या वर्षी पहिल्याच दिवशी बनुबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, “मीठ बेस हाय गो. कडू कायबी नाय यात.” कोणी विचारलं नव्हतं, पण गल्लीत बातमी फिरायची राहते का? अम्मींनी आतून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला त्यांनी आतून कडी घातली. बनुबाईंनी एकदा वाजवलं, थोड्या थांबल्या आणि निघून गेल्या. मी चुलीपाशी नुसती उभी होते. त्या दिवशी कालवण खारट झालं आणि सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं.

आता अम्मी स्वतःचं वेगळं रांधतात. तुम्ही म्हणाल, मग प्रश्नच मिटला. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्यांना स्वतःच्या हातचंही कडू लागतं. मग माझ्या हातांनी घासलेल्या भांड्यांवर खापर फुटलं. बाजारातून नवी पातेली आली. तीही कडू निघाली तेव्हा पाणी वाईट ठरलं. आता त्या पहिला घास मन्नीला घालतात. मांजरीने खाल्लं तर त्या खातात. मन्नी मासे खाते, म्हणून अम्मी माशाचे दोन घास तरी खातात. त्या एवढ्या वाळल्यात की बांगड्या हात वर केला की कोपरापर्यंत सरकतात.

मला भीती वाटते. त्यांची वाटते आणि माझीही वाटते. काही झालं तर कोणाचं नाव येईल ते सांगायला नको.

नशरा


महाड, १२ जानेवारी १९९८

सलाम.

तुम्हाला अजून कोणी कळवलं नसेल तर मीच कळवते. आपल्या घरात मन्नीने निकाल दिला आहे.

शनिवारी लतीफ चाचा इफ्तारला आले होते. अम्मींचं तोंड जरा गोड व्हावं म्हणून मी सब्जाचं सरबत केलं, साखर नेहमीपेक्षा जास्त घातली. अम्मींनी चाचांसमोर ते बशीत ओतलं आणि मन्नीपुढे ठेवलं. मन्नी आली, हुंगलं, तोंड फिरवलं आणि जाऊन खाटेखाली बसली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्याच तांब्यातलं सरबत सगळ्यांसमोर गटागटा प्याले. चाचा म्हणाले, उतारा आधीच घेतला असशील.

मग त्यांनी खाली बघत, शांतपणे सांगितलं, “ईद झाली की पोलादपूरहून तुझ्या अब्बांना बोलवू. तू त्यांच्याबरोबर जा. सुम्बुल इथं राहील. तौकीरला हे पसंत हाय.”

हे शेवटचं वाक्य खरं आहे का? एवढं एकच विचारते. चाचांशी तुम्ही फोनवर बोललात, अम्मींशी बोललात. माझी मुलगी ठेवून घेण्याबद्दल माझ्याशी एक शब्द बोलावासा वाटला नाही तुम्हाला?

मी रडले नाही, मला राग आला. राग आला की माझं डोकं चालतं, हे तुम्हाला माहीत आहे आणि आवडत नाही. मी विचार करत बसले, की मन्नीला गोड खाताना मी कधी बघितलंय? सुम्बुलच्या हातून बत्तासा पडला तर मुंग्या येतात, समोरच्याचा कुत्रा येतो, गल्लीतली शेळीसुद्धा येते. मन्नी कधीच येत नाही. बारावीला सायन्स घेतलं होतं तरी हे कोणी शिकवलं नव्हतं, पण डोळ्यांसमोर होतं.

रविवारी चाचांना पुन्हा बोलावलं. अम्मींच्या कुलपातली साखर, अम्मींच्या हाताने, अम्मींच्या नव्या वाटीत विरघळवायला लावली. शेजारी साध्या पाण्याची वाटी. मी कशालाही हात लावला नाही, भिंतीला टेकून उभी राहिले. मन्नी साखरेच्या वाटीवरून गेली, पाण्याच्या वाटीवरून गेली, आणि सुम्बुलच्या हातातला सुका बोंबील ओढून पळाली. चाचांना हसू आलं. मग ते आवरून म्हणाले, मांजरीचं राहू दे. वहिनींना कडू लागतं, त्याचं काय?

ईद महिनाअखेरीला आहे. चाचा जाताना म्हणाले, ठरलं ते ठरलं.

नशरा


महाड, २० जानेवारी १९९८

तळीये गावचा मंगेश दम्मामहून सुट्टीवर आला. तुमच्याच खोलीत राहतो म्हणाला. अम्मींसाठी तुम्ही दिलेला खजुराचा सीलबंद डबा घेऊन आला. माझ्यासाठी काही आहे का, हे मी विचारलं नाही.

बिचारा पोरगा मोकळ्या मनाचा. चहा पिता पिता म्हणाला, “वयनी, तुमची चटणी आम्ही सगळ्यांनी मिळून संपवली. तौकीरभायनं हात पन लावला नाय. बोलला, तुम्हीच खावा.”

तो गेल्यावर मी त्याचा कप धुतला आणि परत धुतला.

त्या दिवसापासून मी तुमची बाजू मांडून बघते आहे. तिच्यात विष असेल असं वाटलं असतं, तर तुम्ही ती मंगेशला खाऊ दिली नसतीत. एवढे वाईट तुम्ही नाही. म्हणजे विष नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही ती तोंडात घातली नाहीत. दोन्हीतलं वाईट कोणतं ते मला अजून ठरवता येत नाही.

आता खजुराचं ऐका. डबा अम्मींनी स्वतः उघडला. मी दूर बसले होते, मुद्दाम. अजान झाली. मुलाने पाठवलेला खजूर, त्यांनी डोळ्यांना लावला, बिस्मिल्ला म्हणून तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा बदलला. चावणं थांबलं. त्यांनी ओढणीचं टोक तोंडाशी नेलं, खजूर त्यात थुंकला आणि मुठीत धरला.

त्यांनी वर बघितलं तेव्हा मी बघत होते. त्यांना कळलं की मी बघितलंय. तुम्ही पाठवलेला, कारखान्यात बंद झालेला, त्यांनीच उघडलेला खजूरही कडू लागला होता. आता माझ्यावर ढकलायला काही उरलं नव्हतं.

मला वाटलं, आता बोलतील. चाचा समोरच बसले होते. अम्मी पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, खजूर चांगला आहे.

त्या क्षणी ओरडून सगळं सांगावं असं मनात आलं. सांगितलं नाही. त्यांनी मूठ सोडली नव्हती. त्या घाबरल्या होत्या, पण मला नाही, एवढं मला दिसलं. कशाला ते कळलं नाही.

नशरा


महाड, २५ जानेवारी १९९८

अम्मींना कशाची भीती होती ते कळलं.

बुधवारी दुपारी मी कपडे पिळत होते. त्या येऊन पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, “माझी भैन अशीच गेली. आधी चव गेली. मंग जीब कापली तिची.”

तुमच्या मावशीबद्दल मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मिश्री लावून लावून तोंडाचा कॅन्सर झाला होता म्हणे. अम्मीही मिश्री लावतात. चहा पहिल्यांदा कडू लागला त्या दिवशीच त्यांच्या मनात ते आलं असणार. तो रोग आपल्या तोंडात आहे असं मानण्यापेक्षा सुनेने विष घातलं हे मानणं त्यांना सोपं गेलं. सुनेला घराबाहेर काढता येतं. मला राग यायला हवा होता. आला नाही, निदान तेव्हा तरी नाही. मी त्यांच्या तोंडात बघितलं, जखम काही दिसली नाही. तसं सांगितलं तर म्हणाल्या, तुला काय कळतं. हे मात्र खरंच होतं.

शनिवारी मुंबईचे कान-नाक-घशाचे डॉक्टर बाजारपेठेतल्या दवाखान्यात येतात. संध्याकाळची वेळ घेतली, म्हणजे रोजा सुटल्यावर तपासता येईल. बाकावर बसून आम्ही दोघींनी पाण्याने रोजा सोडला.

डॉक्टरांनी आधी तोंड तपासलं. कुठे गाठ नाही, जखम नाही, कॅन्सरचं काही नाही म्हणाले. अम्मींनी दोनदा विचारून घेतलं. मग त्यांनी कापसाची काडी साखरेच्या पाण्यात बुडवून जिभेच्या उजव्या बाजूला लावली. अम्मी म्हणाल्या, गोड. डाव्या बाजूला लावली. पुन्हा लावली. “कायच नाय,” त्या म्हणाल्या. मिठाचं पाणी लावलं, आंबट लावलं. उजवीकडे सगळं कळत होतं, डावीकडे पुढच्या अर्ध्या जिभेवर काहीच नाही.

मी हुशारी केली. म्हटलं, शाळेच्या पुस्तकात तर टोकाला गोड आणि मागे कडू असा नकाशा असतो, त्यात डावं-उजवं काही नव्हतं. डॉक्टर हसले. म्हणाले, तो नकाशा विसरा, जिभेवर सगळीकडे सगळ्या चवी कळतात. पण जिभेच्या पुढच्या भागाची चव मेंदूकडे नेणारी नस कानाच्या पडद्यामागून जाते. डावीकडची डाव्या कानातून. कानातली घाण काढताना ती कधी कधी हलवावीच लागते, नाहीतर कान साफ होत नाही. ती दुखावली की एक तर मुकी होते, नाहीतर नसलेली चव सांगत राहते. बऱ्याच जणांना लोखंडासारखंच लागतं. एक नस गप्प बसली की बाकीच्या जास्त बोलतात, असंही असू शकतं म्हणाले. बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं.

जाता जाता मी मन्नीचं विचारलं. ते म्हणाले, मांजरांना साखरेचं काही वाटत नाही, हे प्रयोग करणाऱ्यांनी बघितलंय. का ते अजून नक्की कळलेलं नाही. एकाच घरात राहून एकेका जिवाची जीभ वेगळी.

रिक्षात अम्मी बाहेर बघत बसल्या होत्या. आपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाल्या, लतीफला अजून काही सांगू नको.

मी नाही सांगितलं. चाचांनी माझ्या अब्बांना ईदच्या दिवशी या असा निरोप पोलादपूरला धाडला आहे, तोही तसाच आहे. मी माझी बॅग भरलेली नाही. सुम्बुलचे कपडे तेवढे धुऊन ठेवलेत.

नशरा


महाड, ३१ जानेवारी १९९८

तौकीर,

या वेळी नाव लिहिलं आहे. आवडलं नाही तरी वाचा.

काल ईद झाली. सकाळी अम्मींनी मागच्या दाराची कडी काढली, ओढणी सावरली आणि एकट्या बनुबाईंच्या घरी गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते दोघींपैकी कोणीच सांगत नाही. येताना बनुबाई बरोबर होत्या आणि दोघींचे डोळे लाल होते.

दुपारी नमाज आटपून चाचा आले. माझे अब्बा आधीच येऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते, घर दुसऱ्याचं असल्यासारखे. मी शीरखुर्मा आणला. चाचांनी वाटी घेतली आणि हातातच धरून ठेवली. अब्बांनी ते बघितलं. माझ्या बापाचा चेहरा त्या वेळी कसा झाला, ते लिहिता येत नाही मला.

अम्मींनी माझ्या हातातून दुसरी वाटी घेतली. बशी मागितली नाही, मन्नीला हाक मारली नाही. सगळ्यांसमोर पूर्ण वाटी खाल्ली, सावकाश, शेवटच्या चमच्यापर्यंत. मग म्हणाल्या, “लतीफ, खा. खोट माझ्या तोंडात व्हती. पोरीच्या हातात नव्हती.”

आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं, खजुराचंही. मुठीत धरून ठेवला होता हेसुद्धा. ते सांगायची गरज नव्हती. चाचांनी खाल्लं. माफी मागणारा माणूस नाही तो, पण निघताना सुम्बुलला उचलून त्यांनी माझ्या कडेवर दिलं. अब्बांना अम्मी म्हणाल्या, आता ही जिथे राहील तिथे तिची मुलगी राहील, मी जिवंत असेपर्यंत याच्यात बदल नाही.

नंतर भांडी घासताना मी विचारलं, शीरखुर्मा कसा लागला. त्या म्हणाल्या, लोखंड.

संध्याकाळी तुमचा फोन आला. अम्मी गेल्या. परत येऊन म्हणाल्या, तुला बोलवतोय, लाइन चालू आहे. मी गेले नाही. तुम्ही फोन धरून किती वेळ थांबलात मला माहीत नाही. मी डिसेंबरात बूथवर अशीच उभी होते, तुम्हाला आठवत असेल.

मंगेश मंगळवारी परत निघतोय. त्याच्याबरोबर पुन्हा जवळ्याची चटणी पाठवते आहे. अम्मी म्हणाल्या, आण इकडे, आधी मी खाते, आणि डब्यावर लिही की आईने खाल्लीय. मी त्यांना खाऊ दिली नाही. त्यांची एक नस दुखावली होती आणि मनात बहिणीचं मरण होतं. त्यांच्या संशयाला एवढं तरी कारण होतं. तुमची जीभ चांगली आहे. लग्नापासून माझ्या हातचं खाल्लंय तिने. तुम्हाला डॉक्टर लागत नव्हता, मांजर लागत नव्हती. नुसती चटणी तोंडात घालायची होती.

डबा कापडात शिवला आहे. तो तुम्ही स्वतः उसवायचा आणि पहिला घास तुम्ही घ्यायचा. मंगेश मला कळवणार आहे, त्याला तसं सांगून ठेवलंय. खाल्लीत तर त्यानंतरच्या शुक्रवारी मी बूथवर येईन, आणि मग नोकरीचंही बोलू. नाही खाल्लीत तर सुम्बुलला घेऊन पोलादपूरला जाईन. अम्मींना डॉक्टरकडे न्यायला शनिवारी मीच येत जाईन, ते ठरलं आहे आमचं.

लसूण सढळ आहे. मीठ बघायला या वेळी मी कोणालाही बोलावलं नाही.

नशरा